विटकरी टोप्यांचा पहारा : सिनाईतल्या एमएफओचं परीक्षण

अरब-इस्रायल सीमांवर तिऱ्हाइतांनी पहारा देण्याचे प्रयोग १९४८ पासून चालू आहेत. त्यांतला सर्वांत भरवशाचा कोणता, तर इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातली मल्टिनॅशनल फोर्स अँड ऑब्झर्व्हर्स (बहुराष्ट्रीय सेना आणि निरीक्षक), म्हणजे एमएफओ. २५ एप्रिल १९८२ ला इस्रायलने सिनाईतून माघार पूर्ण केली आणि त्याच दिवशी हिचं काम सुरू झालं. ही संयुक्त राष्ट्रांची सेना नव्हे. २६ मार्च १९७९ च्या इजिप्त-इस्रायल करारात संयुक्त राष्ट्रांचीच सेना धरलेली होती, पण सुरक्षा परिषदेत सोव्हिएत विरोधामुळे ते जमेना. तेव्हा ऑगस्ट १९८१ मध्ये स्वतंत्र पूरक करारावर सह्या होऊन ही संस्था उभी राहिली. मुख्यालय रोमला, विटकरी रंगाच्या टोप्या.

हिची खरी ताकद कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कारण मोजायचं काय ते तिथे आकड्यांत लिहिलंय. सुएझ कालव्यालगतच्या ‘अ’ विभागात इजिप्तला एक यांत्रिक पायदळ डिव्हिजन ठेवता येते: जास्तीत जास्त २२,००० माणसं, २३० रणगाडे, ४८० चिलखती गाड्या. मधल्या ‘ब’ विभागात हलक्या शस्त्रांच्या चार सीमा बटालियन, ४,००० माणसं. सीमेलगतच्या ‘क’ विभागात मुळात फक्त एमएफओ आणि इजिप्तचे नागरी पोलीस. सीमेपलीकडे इस्रायलच्या हद्दीतली अरुंद पट्टी हा ‘ड’ विभाग. तिथे इस्रायलच्या चार पायदळ बटालियन, ४,००० माणसं, १८० चिलखती गाड्या, रणगाडा एकही नाही. इस्रायलनेही आपल्या जमिनीवर मर्यादा मान्य केली, ही बाब कमी लेखू नये.

तपासणीची पद्धत सरळ आहे. ‘क’ विभागात सैनिक चौक्या आणि गस्त सांभाळतात. चारही विभागांतली मोजणी अमेरिकी नागरी निरीक्षक गाडीने आणि हेलिकॉप्टरने फिरून करतात, महिन्यातून निदान दोनदा. दोघांपैकी कुणालाही शंका आली तर मागणीनंतर ४८ तासांत जादा पडताळणी होते. ही ४८ तासांची अट मला फार मोलाची वाटते. संशय आठवडाभर तसाच राहिला की सैन्य हलू लागतं. दोन दिवसांत तिऱ्हाइताने जाऊन पाहिलं की बऱ्याचदा तो तिथेच विरतो. लाल समुद्रातून इस्रायलच्या एलात बंदराकडे जाणाऱ्या तिरानच्या सामुद्रधुनीवर इटलीच्या नौदलाची गस्त असते.

आधीची व्यवस्था का कोसळली ते पाहिलं की हिच्या अटींची किंमत कळते. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर आलेली संयुक्त राष्ट्रांची सेना, यूएनईएफ, फक्त इजिप्तच्या बाजूला तैनात होती. इस्रायलने ती आपल्या हद्दीत घेतलीच नाही. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ती काढायला सांगितली, सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मानलं. लगेच तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद झाली आणि ५ जूनला युद्ध पेटलं. त्या सेनेचे प्रमुख जनरल इंदरजित रिखी होते, आणि गाझामध्ये माघारीच्या वाटेवर असलेले भारतीय सैनिक त्या युद्धात मारले गेले. एमएफओला मात्र एकट्या पक्षाने निघून जायला सांगता येत नाही, दोघांची संमती लागते. खर्चाचा मुख्य भार इजिप्त, इस्रायल आणि अमेरिका सारखा वाटून घेतात. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीसाठी सुरक्षा परिषदेपुढे जावं लागत नाही; इस्रायल-सीरिया दरम्यानच्या गोलानमधल्या यूएनडीओएफ या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेला १९७४ पासून ते करावं लागतंय.

उणिवाही आहेत. एमएफओ उल्लंघन पाहते आणि कळवते. रोखण्याचा अधिकार तिला नाही. दोन्ही सरकारांना करार हवा आहे तोवर एवढं पुरतं. तिसराच कुणी बंदूक घेऊन आला की ही रचना तोकडी पडते, आणि उत्तर सिनाईत नेमकं तेच झालं. सप्टेंबर २०१२ मध्ये एल गोराच्या उत्तर तळावर जमाव घुसला, २०१५ मध्ये रस्त्यावर पेरलेल्या स्फोटकांनी सैनिक जखमी झाले. २०१६ पासून बरंचसं बळ शर्म अल-शेखजवळच्या दक्षिण तळावर हलवलं, धोक्याच्या चौक्यांवर दूरनियंत्रित कॅमेरे बसवले. निर्णय योग्यच होता, पण कॅमेऱ्याला गावातल्या बदलत्या वाऱ्याचा अंदाज येत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दहशतवाद्यांशी लढण्यासाठी इजिप्तने इस्रायलच्या संमतीने ‘ब’ आणि ‘क’ विभागांत ठरल्यापेक्षा जास्त सैन्य आणलं. त्या वेळी ते गरजेचं होतं. पण अपवाद साचत गेले की निरीक्षकाने मोजायचं कोणत्या आकड्याशी, मूळ परिशिष्टाशी की नंतरच्या संमतीशी? म्हणून प्रत्येक वाढीव परवानगीला संख्या आणि शेवटची तारीख दोन्ही हवीत. २००५ ची गाझा-इजिप्त सीमेवरच्या रफाहची तडजोड या बाबतीत नमुनेदार होती: गाझातून इस्रायल बाहेर पडताना पोलिसांच्या जागी ७५० इजिप्शियन सीमारक्षक, जागा ठरलेली, शस्त्रं ठरलेली, आणि देखरेख एमएफओची.

त्याच रफाहला हिची हद्दही संपते. सीमेपलीकडच्या गाझात एमएफओ काम करत नाही, त्यामुळे मे २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने गाझाच्या बाजूचा सीमेलगतचा फिलाडेल्फी पट्टा ताब्यात घेतला तेव्हा त्या बाजूला जाऊन मोजणी करण्याची मुभा एमएफओच्या निरीक्षकांना नव्हती.