हॉल सेन्सरचे पैसे घेतले, आत नुसता स्प्रे मारला

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सचा जुना कंट्रोलर स्टिकच्या दुरुस्तीसाठी कुणाकडे देणार असाल, तर आधी हे वाचा. नागपुरात बर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात माझ्याकडून १,८०० रुपये घेतले गेले आणि ज्या कामाचे घेतले ते काम झालंच नाही. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण फसवण्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी. दुसऱ्या कुठल्याही दुकानात ती अशीच चालू शकते.

कंट्रोलर पीएस४चा, ड्युअलशॉक ४. माझ्या धाकट्या भावाचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला, आणि त्याला तो धड अवस्थेत परत द्यायचा होता. दोन्ही स्टिकना ड्रिफ्ट होता. हात न लावता गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालत राहायचा, कॅमेरा हळूहळू वर सरकायचा.

हे का होतं ते समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. स्टिकखाली एक छोटं मॉड्यूल असतं. त्याच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यात कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी घासत फिरते. ती कुठे टेकली आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून कंट्रोलरला दिशा कळते. वर्षानुवर्षं घासून कार्बन झिजतो, त्याची भुकटी तिथेच साचते. स्टिक बहुतेक वेळ मध्यभागी असते, म्हणून झीजही तिथेच जास्त. मग स्टिक मध्ये असूनही व्होल्टेज मधलं येत नाही.

हॉल सेन्सरमध्ये हे घासणंच नाही. चुंबक फिरतं आणि सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. तंत्र नवीन नाही, सेगाच्या १९९८च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही ते होतं. आता ड्युअलशॉक ४मध्ये बसतील अशी हॉल मॉड्यूल सुटी मिळतात. त्यामुळे दुकानदार जे म्हणाला ते अगदी खरं वाटण्यासारखं होतं. "भाऊ, रिमोटमध्ये कार्बनवालं पुन्हा टाकून काही फायदा नाही, सहा महिन्यांत तेच होते. हॉलवालं टाकून देतो न, मग पाहायचं कामच नाही."

पक्कं बिल मागितलं तर "बिल घेतलं तर जीएसटी वेगळा लागन" असं उत्तर मिळालं. पैसे यूपीआयने दिले, आणि तीच नोंद आता कामी येते आहे.

कंट्रोलर परत घेताना त्याने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, एका फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडू जागेवर स्थिर उभा. दुसरी, प्लास्टिकच्या पिशवीत दोन जुनी, काळपट पडलेली मॉड्यूल. "हे पाहा, तुमच्यातून काढलेले." जुना पार्ट हातात आल्यावर शंका कशी घेणार?

आठवडा जात नाही तोच ड्रिफ्ट परत आला. दुकानात गेलो तर "तुमच्या बोर्डातच फॉल्ट आहे, बोर्ड बदलावा लागन", आणि त्याचे वेगळे पैसे. तेव्हा मी कंट्रोलर महाल भागातल्या एका काकांकडे नेला. ते आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत आले आहेत. त्यांनी माझ्यासमोर मागचे चार स्क्रू काढले, बोर्ड उलटा केला आणि भिंग लावून पाहिलं. एक मॉड्यूल बोर्डाला सोल्डरच्या चौदा टाक्यांनी जोडलेलं असतं. दोन्ही मॉड्यूलचे सगळे टाके कारखान्यातून आले तसेच एकसारखे होते. त्यांना सोल्डरिंग आयर्न कधी लागलंच नव्हतं. "याले कोणी हातच नाही लावला, बाबू. वरून स्प्रे मारला आहे," काका म्हणाले. मॉड्यूलच्या बाजूचं झाकण काढलं तर आत तोच कार्बनचा पट्टा, आणि त्यावर तेलकट थर.

स्प्रेने भुकटी पसरते, वाहून जाते, म्हणून काही दिवस स्टिक ठीक चालते. पट्टा झिजलेलाच राहतो. आणि पिशवीतली ती मॉड्यूल दुसऱ्याच कुठल्या तरी कंट्रोलरची होती. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. पुरावा म्हणून खोटी वस्तू हातात ठेवायची, हे चुकून होत नाही.

गेममध्ये दाखवलेलं प्रात्यक्षिकही काही सिद्ध करत नाही. बहुतेक गेम स्टिकची मधली थोडी हालचाल मुद्दाम दुर्लक्षित करतात, त्याला डेड झोन म्हणतात. थोडा ड्रिफ्ट त्यात लपून जातो. कंट्रोलर कॉम्प्युटरला केबलने जोडा, ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासणारं पान उघडा आणि आकडे बघा. स्टिक सोडल्यावर दोन्ही अक्ष शून्याच्या अगदी जवळ यायला हवेत. स्टिक गोल फिरवून सोडा, पुन्हा बघा. हॉल मॉड्यूल खरंच टाकलं असेल तर बसवल्यावर कॅलिब्रेशनही, म्हणजे स्टिकचा मध्य पुन्हा नेमका जुळवणं, करावं लागतं. ते कसं केलं हे दुकानदाराला विचारा. उत्तर टाळलं तर समजून जा.

काकांनी दाखवलेली परीक्षा आणखी सोपी आहे, कंट्रोलर उघडावाही लागत नाही. आकडे स्क्रीनवर दिसत असताना चांगलं ताकदीचं छोटं चुंबक स्टिकच्या बुडाशी न्यायचं. आत हॉल सेन्सर असेल तर स्टिकला न शिवता आकडे हलतात. कार्बनवालं असेल तर काहीच होत नाही. माझ्या कंट्रोलरवर आकडा तसूभरही हलला नव्हता. नंतर काकांनी खरी मॉड्यूल बसवली, तेव्हा चुंबक जवळ जाताच आकडा उडाला.

म्हणून काम समोर बसूनच करून घ्या. ते शक्य नसेल तर देण्याआधी कंट्रोलर उघडून प्रत्येक मॉड्यूलच्या धातूच्या खोक्यावर मार्करने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. बॅटरीचाही फोटो घ्या. उघडताना झाकण सावकाश उचला, आत दोन भागांना जोडणारी पातळ रिबन केबल असते. खूण असलेला पार्ट परत मिळाला तरच तो तुमचा.

बिलाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, त्यामुळे "बिल नाही तर तक्रार नाही" ही धमकी पोकळ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी तिथे यूपीआयची नोंद, आकड्यांचा व्हिडिओ आणि उघडलेल्या बोर्डाचे फोटो देऊन तक्रार नोंदवली आहे. तेवढ्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. तुमच्याकडून कुणी असेच पैसे घेतले असतील तर कंट्रोलर फेकू नका आणि दुसऱ्या दुरुस्तीला देण्याआधी आतल्या टाक्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. एकदा सोल्डरिंग आयर्न लागलं की आधी काय होतं ते दाखवता येत नाही.