विडी वळणाऱ्या हातांसाठी कोणती गोळी: हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन की ओलान्झापिन?

माझी मावशी सोलापूरजवळ कुंभारीला राहते, विड्या वळते. कानात आवाज यायला लागले, शेजारणी आपल्यावर टपल्यात असं ती म्हणू लागली, तेव्हा स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. डॉक्टरांनी दोन-तीन गोळ्यांची नावं सांगितली, पण त्यांत फरक काय ते आम्हाला कळेना. तुमच्या घरात हाच प्रश्न असेल, तर हे वाचून मग डॉक्टरांशी बोला.

सुरुवात हॅलोपेरिडॉलने झाली. १९५८ साली बेल्जियममध्ये तयार झालेलं, स्वस्त आणि खरोखर गुणकारी औषध. मावशीचे आवाज कमी झाले, पण बोटं थरथरू लागली. तेंदूच्या पानात तंबाखू भरायची, पान वळायचं, टोक दुमडायचं, सूत बांधायचं. थरथरत्या बोटांनी यातलं काहीच होत नाही. मजुरी निम्म्यावर आली.

हे का होतं? डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरची तो निरोप घेणारी जागा. हॅलोपेरिडॉल डोपामिनचे डी२ नावाचे रिसेप्टर अडवतं. भ्रमाशी संबंध असलेल्या मार्गावर ते हवंच असतं. पण हालचाल सांभाळणाऱ्या स्ट्रायटम या मेंदूच्या भागातही तेच रिसेप्टर आहेत, आणि तिथले साधारण ८० टक्क्यांहून जास्त अडले की ताठरपणा आणि थरथर वाढते.

रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन डी२ अडवतातच, शिवाय सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या दुसऱ्या रसायनाचा ५-एचटी२ए रिसेप्टरही अडवतात. स्ट्रायटमकडे जाणाऱ्या डोपामिनवर सेरोटोनिन या रिसेप्टरमार्फत लगाम ठेवतं. लगाम ढिला झाला की तिथे डोपामिन जास्त स्रवतं आणि डी२वरची जागा गोळीकडून थोडी परत मिळवतं. हात मोकळे राहतात ते बरंचसं यामुळे. सेरोटोनिन सगळीकडे लगामच खेचतं असं मात्र नाही: त्याचाच ५-एचटी२सी हा रिसेप्टर डोपामिन रोखतो, तर ५-एचटी३ हा ते वाढवतो. त्यामुळे ‘सेरोटोनिन वाढलं की डोपामिन घटतं’ हे सरसकट विधान मला चुकीचं वाटतं.

आता या दोघांत निवड. रिस्पेरिडोनचा हा फायदा डोस बेताचा असेपर्यंतच टिकतो. दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की ताठरपणा परत येऊ लागतो. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोनही वाढतं, त्यामुळे पाळी चुकू शकते किंवा स्तनांतून दूध येऊ शकतं. बायका हे लाजून सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारावं. ओलान्झापिनने हात आणखी मोकळे राहतात, झोपही लागते. पण ते ५-एचटी२सी आणि हिस्टामिन या आणखी एका रसायनाचे रिसेप्टरही अडवतं, म्हणून भूक खवळते, वजन आणि साखर चढते. घरात मधुमेह असेल तर मी ते पहिलं निवडणार नाही. मावशीच्या दोन्ही भावांना साखर आहे, म्हणून डॉक्टरांनी तिला रिस्पेरिडोन कमी डोसवर दिलं.

ज्यांना हॅलोपेरिडॉलच परवडतं त्यांना थरथरीसाठी सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. त्याने घाम कमी येतो, तोंड कोरडं पडतं. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली बसून काम करणाऱ्या बाईला हे जड जाऊ शकतं. डॉक्टरांना पेशंटचं काम काय आणि ती कुठे बसून करते, हे पहिल्याच भेटीत सांगा. गोळी मात्र स्वतःहून बदलू किंवा बंद करू नका. आम्ही एकदा चार दिवस थांबवली होती, पाचव्या रात्री मावशी दाराला कडी लावून बसली.