‘८०२.३एएफ’ छापलेला स्विच, आतून पॅसिव्ह: पीओई घेताना सावध राहा

कॅमेरे किंवा वाय-फाय अॅक्सेस पॉइंटसाठी स्वस्तातला पीओई स्विच (म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणांना वीजही देणारा नेटवर्क स्विच) शोधत असाल, तर आधी हे वाचा. माझा प्रिंटर आणि एक चांगला चालणारा राउटर अशा स्विचमुळे गेला आणि विकणाऱ्याने सरळ हात वर केले.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८०२.३एएफ/एटी’, म्हणजे पीओईच्या अधिकृत मानकांची नावं, छापलेलं होतं. तरीही घेण्याआधी मी लेखी विचारलं होतं, की हा स्टँडर्ड आहे की पॅसिव्ह? कारण कॅमेऱ्यांच्या शेजारच्या पोर्टांवर पीओई नसलेली उपकरणंही लागणार होती. उत्तर आलं, ‘शंभर टक्के स्टँडर्ड आहे, काहीही लावा, बिनधास्त.’ कॅमेरे लावले, लगेच चालू झाले. प्रिंटर आणि राउटर लावले आणि थोड्याच वेळात जळका वास सुटला.

या दोन प्रकारांतला फरक नीट समजून घ्या, सगळी फसवणूक तिथेच आहे. २००३ साली आलेल्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे स्विच आधी चाचपणी करतो. केबल जोडली की तो २.७ ते १०.१ व्होल्ट एवढाच दाब देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर दिसतो का ते पाहतो. तो दिसला तरच ४४ ते ५७ व्होल्टची वीज सोडतो. दिसला नाही तर पोर्ट साध्या स्विचसारखा चालतो आणि समोरच्या उपकरणाला काहीही होत नाही. पॅसिव्ह स्विच काहीच विचारत नाही. पोर्टावर वीज चोवीस तास सोडलेली असते, समोर कोणीही येवो.

प्रिंटरचं नेटवर्क कार्ड उघडून पाहिलं. जॅकच्या मागे, छोट्या ट्रान्सफॉर्मरला लागून असलेले ७५ ओहमचे दोन रेझिस्टर काळे ठिक्कर पडले होते आणि खालचा बोर्ड तपकिरी झाला होता. नेटवर्क केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगाच्या उपकरणात त्यांतल्या ४-५ (निळी) आणि ७-८ (तपकिरी) या क्रमांकांच्या जोड्या डेटासाठी लागत नाहीत, म्हणून त्या अशा रेझिस्टरमधून एकमेकींना जोडून ठेवलेल्या असतात. दोन्ही मिळून १५० ओहम. त्यावर ४८ व्होल्ट आले की ०.३२ अँपिअर वाहतात, म्हणजे १५ वॅटहून जास्त उष्णता. त्या तिळाएवढ्या रेझिस्टरची ताकद वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास! ते टिकणार कसे?

कॅमेरे मात्र व्यवस्थित चालत राहिले, आणि विकणाऱ्याचं फावतं ते इथेच. कॅमेऱ्याला ४८ व्होल्ट हवेच असतात, त्याला न विचारता दिले तरी तो चालतो. त्यामुळे ‘कॅमेरा चालू झाला, म्हणजे स्विच स्टँडर्ड’ असं कोणी सांगितलं तर अजिबात मानू नका.

मग स्विचही उघडला. वीज देण्याआधी चाचपणी करणारी कंट्रोलर चिप आत नव्हतीच. अॅडॅप्टरचे ४८ व्होल्ट सरळ जॅकपर्यंत नेलेले.

विकणाऱ्याची उत्तरं दर वेळी बदलत गेली. आधी म्हणाला, लाइट वरखाली झाली असेल. मग म्हणाला, प्रिंटरच खराब असणार. शेवटी म्हणाला, ‘४८ व्होल्ट म्हणजेच एएफ.’ हे धादांत खोटं आहे. व्होल्टेज जुळलं म्हणून मानक पाळलं असं होत नाही. आणि जळालेल्या मालाला म्हणे वॉरंटी नसते. पुढे त्याने जाहिरातीतला ‘८०२.३एएफ’ हा उल्लेख गुपचूप काढून तिथे ‘४८ व्होल्ट पीओई, कॅमेऱ्यांसाठी’ असं टाकलं. जुन्या जाहिरातीचा फोटो आणि त्याचं लेखी उत्तर मी जपून ठेवलं होतं, तेच आता तक्रारीला जोडलं आहे.

तपासणी सोपी आहे. केबलचं एक टोक सोला, दुसरं रिकाम्या पोर्टात लावा आणि निळ्या व तपकिरी जोडीच्या मध्ये मल्टिमीटर धरा. मग नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या मध्येही पाहा, कारण काही स्विच तिथून वीज देतात. सोललेल्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका. स्टँडर्ड पोर्टवर थोडेसे, खालीवर होणारे व्होल्ट दिसतील. मीटर स्थिर ४८ दाखवत असेल तर तो स्विच पॅसिव्ह आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. खोकं उघडल्या दिवशीच ही तपासणी करा आणि तिचा व्हिडिओ काढा. नंतर काढलेल्या व्हिडिओला विकणारे किंमत देत नाहीत.

अॅडॅप्टरवरचा आकडाही वाचा. माझ्या खोक्यावर ‘८ पोर्ट, प्रत्येकी ३० वॅट, सर्व एकाच वेळी’ असा दावा होता. म्हणजे २४० वॅट हवेत. सोबतचा अॅडॅप्टर ६५ वॅटचा होता.

२४ व्होल्ट पॅसिव्हवर चालणारी वायरलेस उपकरणं वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ४८ व्होल्टच्या पॅसिव्ह पोर्टात ती चुकून लागली, तर त्यांचा वीजपुरवठ्याचा भागच उडू शकतो.

असा स्विच आधीच बसवून झाला असेल, तर त्याच्या पीओई पोर्टात लॅपटॉप, प्रिंटर, राउटर काहीही लावू नका. कॅमेऱ्यांपुरता ठेवायचा असेल तर रिकामे पोर्ट टेपने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘पॅसिव्ह ४८ व्होल्ट’ असं लिहा, म्हणजे उद्या दुरुस्तीला येणारा माणूस तिथे आपला लॅपटॉप जोडणार नाही.