ग्लायोब्लास्टोमा परत वाढला, तर बेव्हासिझुमॅब की टार्गेटेड गोळ्या?

ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूतली वेगाने वाढणारी कर्करोगाची गाठ. ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध होऊनही ती पुन्हा वाढली की घरच्यांच्या कानावर दोन नावं येतात: बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन, आणि डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब ही गोळ्यांची जोडी. दोन्हींना 'टार्गेटेड', म्हणजे ठरावीक लक्ष्यावर काम करणारी, म्हणतात, पण दोन्हींकडून एकच अपेक्षा ठेवू नका.

बेव्हासिझुमॅबचा रोख गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर असतो. नव्या वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ हे प्रथिन ते अडवतं. गळक्या वाहिन्या सावरतात, मेंदूची सूज उतरते, स्टेरॉइडचा डोस अनेकदा कमी करता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही मोठीच गोष्ट आहे. आयुष्य मात्र त्यामुळे लांबतं असं दिसलेलं नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत नुसतं लोमुस्टिन हे केमोचं औषध घेणाऱ्यांत गाठ सरासरी 1.5 महिने थोपली, बेव्हासिझुमॅब जोडल्यावर 4.2 महिने. पण आयुष्य 8.6 आणि 9.1 महिने, म्हणजे जवळपास तेवढंच. शिवाय वाहिन्या गळायच्या थांबल्या की एमआरआयमधली चकाकी घटते, आणि गाठ असते त्याहून लहान वाटते. पहिल्या सुधारलेल्या स्कॅनवर फार विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती. रक्तदाब, रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळ्या यांवर लक्ष ठेवावं लागतं. जखम भरायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या ऑपरेशननंतर किमान 28 दिवस थांबतात.

गोळ्यांची जोडी थेट गाठीच्या पेशींवर काम करते, पण त्या पेशींत बीआरएएफ व्ही600ई हा जनुकीय बदल असेल तरच. मोठ्यांच्या ग्लायोब्लास्टोमात तो शंभरात मोजक्याच जणांत सापडतो. ज्यांच्यात होता, अशा वेगाने वाढणाऱ्या ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटात मोडतो त्या मेंदूच्या गाठींच्या) 45 रुग्णांच्या चाचणीत साधारण एकतृतीयांश जणांची गाठ ठळकपणे आक्रसली. मेंदूच्या या आजारात हा आकडा लहान नाही. ताप वारंवार येतो, हृदयाची इको आणि डोळ्यांची तपासणी करत राहावी लागते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: औषध ठरवण्याआधी गाठीचा जनुकीय अहवाल मागा. बहुतेक वेळा त्यासाठी नवं ऑपरेशन लागत नाही, पहिल्या ऑपरेशनमधला पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) पॅथॉलॉजीत जपलेला असतो. बीआरएएफ बदल निघाला, तर आधी गोळ्यांचा विचार व्हावा. नसेल आणि सूज त्रास देत असेल, तर बेव्हासिझुमॅब. उद्देश रुग्णाला आराम हा, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या.

व्होरासिडेनिब या औषधाची चर्चाही कानावर येईल. ते आयडीएच जनुकात बदल असलेल्या, दुसऱ्या श्रेणीच्या सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमासाठी आहे, ग्लायोब्लास्टोमासाठी नाही. एच3 के27एम हा जनुकीय बदल असलेल्या मिडलाइन (मध्यरेषेवरच्या) ग्लायोमासाठी मात्र अमेरिकेत 2025 मध्ये डॉर्डाविप्रोन या औषधाला मंजुरी मिळाली आहे. गाठ मेंदूच्या मध्यभागी किंवा मज्जारज्जूत असेल, तर अहवालात ही तपासणी झाली आहे का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.