बॅश टर्मिनलचे शॉर्टकट आणि मांडणी: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

टर्मिनल आपल्या सोयीचे करायला बसलेला माणूस बहुधा रंग आणि फॉन्टपासून सुरुवात करतो. माझे मत आता पक्के झाले आहे की पहिला हात हिस्टरीला, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या नोंदींना, लावावा, कारण दिवसभरात आपण ज्या कमांड देतो त्यांतल्या बहुतेक आधी कधीतरी दिलेल्याच असतात. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी सौद्यांच्या नोंदी ठेवणारे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणारे सॉफ्टवेअर सांभाळणे हे माझे काम आहे. ऑफिसातल्या संगणकावर उबुंटू हे लिनक्स आहे, सर्व्हरवरही तेच आहे आणि दोन्हीकडे शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, बॅश आहे.

उबुंटूबरोबर येणाऱ्या बॅशआरसी या बॅशच्या मांडणीच्या फाइलमध्ये हिस्टरीची मर्यादा चालू सत्रासाठी 1000 आणि साठवणुकीच्या फाइलसाठी 2000 ओळी इतकीच ठेवलेली असते. हळदीच्या हंगामात ही मर्यादा लवकर संपते आणि गेल्या वर्षी नेमका कोणता बॅकअप कसा काढला होता हे शोधायला गेले, की हाती काही लागत नाही. मी दोन्ही आकडे पुष्कळ वाढवले आणि प्रत्येक नोंदीला तारीख-वेळ जोडून घेतली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बॅश मूळ मांडणीत हिस्टरी फाइलमध्ये लिहितो ती सत्र बंद होताना. वळवाच्या पावसात वीज गेली, की त्या दिवसाच्या सगळ्या कमांड गेल्या! पुढची कमांड मागण्याआधी बॅश दर वेळी जे चालवतो, ते ठेवणाऱ्या प्रॉम्प्ट कमांड या व्हेरिएबलमध्ये हिस्टरीचा वजा-ए हा पर्याय घातल्यापासून प्रत्येक कमांड संपताच तिची नोंद फाइलमध्ये होते. उबुंटूच्या मूळ मांडणीत आणखी एक सोय आहे, ती फारशी कोणी सांगत नाही: कमांडच्या आधी एक स्पेस दिली, तर ती हिस्टरीत साठवली जात नाही. पासवर्ड असलेली ओळ द्यावीच लागली, तर या सोयीचा उपयोग अवश्य करावा.

साठवलेले शोधण्यासाठी कंट्रोल-आर आहे. कमांडमधली मधलीच चार अक्षरे टाइप केली तरी ती सापडते आणि पुन्हा कंट्रोल-आर दाबले, की त्याहून जुनी समोर येते. शोधता शोधता पुढे निघून गेलो, तर परत फिरण्यासाठी कंट्रोल-एस आहे खरे. पण बहुतेक टर्मिनलमध्ये ते दाबताच पडदा गोठतो. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने संगणक अडकला असे समजून खिडकीच बंद केली होती. हा बिघाड नसून टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेली, समोरचा मजकूर थांबवण्याची व्यवस्था आहे आणि कंट्रोल-क्यू दाबले, की काम पुढे सुरू होते. एसटीटीवाय या कमांडने आयएक्सऑन हा पर्याय बंद करणारी एक ओळ बॅशआरसीमध्ये लिहिली, की कंट्रोल-एस शोधासाठी मोकळे होते.

सर्वांत जास्त समाधान मात्र इनपुटआरसी या छोट्या फाइलने दिले. तिच्यात वरच्या बाणाला 'हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड' हे काम नेमून दिले, की आरसिंक (फाइलींची नक्कल करणारी कमांड) एवढेच टाइप करून बाण दाबल्यावर आरसिंकने सुरू होणाऱ्या जुन्या कमांडच एकेक करून येतात. टॅबने नाव पूर्ण करताना लहान-मोठ्या लिपीचा भेद न पाळण्याची सूचनाही इथेच लिहिता येते. ही फाइल बॅशची नाही, टाइप होणारी ओळ हाताळणाऱ्या रीडलाइन या लायब्ररीची आहे. म्हणून तीच सवय पोस्टग्रेस या डेटाबेसला कमांड देण्याच्या पीएसक्यूएल या प्रोग्राममध्येही चालते. बदल केल्यावर कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर दाबले, की फाइल नव्याने वाचली जाते.

ओळीच्या सुरुवातीला नेणारे कंट्रोल-ए, शेवटी नेणारे कंट्रोल-ई, मागचा शब्द पुसणारे कंट्रोल-डब्ल्यू आणि पुसलेले परत आणणारे कंट्रोल-वाय हे आठवडाभरात बोटांत बसतात. आल्ट आणि पूर्णविराम ही जोडी मागच्या कमांडचा शेवटचा शब्द आणून देते. लांबलचक पाथ पुन्हा टाइप करण्याचे कष्ट तिने वाचवले. ओळ फारच वाढली, तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबून ती एडिटरमध्ये उघडावी.

प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराच्या, रंगांचा मी एकच उपयोग मानतो. सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल आणि स्वतःच्या संगणकाचा हिरवा ठेवला, की आपण कुठे आहोत हे कमांड देण्याआधीच दिसते. रंगाचे संकेत पीएस-वन या व्हेरिएबलमध्ये लिहिताना ते बॅकस्लॅश लावलेल्या चौकटी कंसांत ठेवणे अत्यावश्यक आहे. ते तसे नसतील, तर बॅश त्या न दिसणाऱ्या अक्षरांचीही लांबी मोजतो. परिणामी लांब ओळ खाली न उतरता प्रॉम्प्टवरच उमटू लागते आणि बाणाने जुनी कमांड आणली, की तिचे तुकडे पडद्यावर उरतात. लोक याचे खापर टर्मिनलवर फोडतात, पण उणे असतात ते हे दोन कंस.

अलियासचे, म्हणजे लांब कमांडऐवजी ठेवलेल्या छोट्या शब्दाचे, नाव देवनागरीत ठेवता येते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. 'हळद' असे लिहिले, की हळदीच्या फोल्डरमध्ये जाणारा अलियास माझ्याकडे व्यवस्थित चालला. कळफलक बदलत बसावे लागते, म्हणून रोजच्या कामात मी 'एचएल' ही दोन रोमन अक्षरेच वापरतो. फाइलींची नावेही मी रोमनमध्येच ठेवतो, कारण टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर देते आणि मात्रा, जोडाक्षरे त्यात नीट बसत नाहीत. अनेक टर्मिनलमध्ये कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी पुसले जाते. मराठीत काम करणाऱ्यांसाठी ही उणीव खरोखर मोठी आहे आणि ती दूर व्हावी असे मला मनापासून वाटते.

फाइल पुसणाऱ्या आरएम या कमांडला आधी विचारणा करायला लावणारा अलियास पुष्कळ जण सुचवतात. मी तो काढून टाकला. दुसऱ्याच्या सर्व्हरवर तो नसतो आणि विचारणा होईलच या भरवशावर चालणारी बोटे तिथे घात करतात. शिवाय स्क्रिप्टमध्ये, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड चालवताना, बॅश अलियास मुळात विचारातच घेत नाही, त्यामुळे रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कमांड पूर्णच लिहावी लागते.

मॅक वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की 2019 च्या कॅटालिनापासून तिथे नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल हे दुसरे शेल मिळते. कंट्रोल-ए, कंट्रोल-ई तिथेही चालतात. पण झेडशेल इनपुटआरसी वाचत नाही आणि बॅशमध्ये कर्सरच्या मागचाच भाग पुसणारे कंट्रोल-यू तिथे पूर्ण ओळ पुसते.