प्रायमरीच्या मुलांना इतिहास शिकवायचं साहित्य: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

वर्षभर आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबत इतिहासाची पुस्तकं, चार्ट, किट असं बरंच काही वापरून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. कव्हरवर सगळंच छान दिसतं हो, पण मुलांच्या हातात दिलं की आठवड्याभरात कळतं काय कपाटात जाऊन पडणार आणि कशावरून ओढाताण होणार. माझी कसोटी एकच आहे, ते साहित्य बघून मूल "हे आपल्याला कसं कळलं?" असं विचारतं का. विचारलं तर घेतलेल्याचं सार्थक झालं.

आधी टाइमलाइनचा घडीचा चार्ट, कारण बहुतेक सगळे पहिल्यांदा तोच घेतात. आमचा चकचकीत लॅमिनेट केलेला होता, चित्रं सुंदर, भिंतीवर लावला की वर्ग एकदम भरल्यासारखा वाटतो. पण त्यात स्केलच नाही! पिरॅमिडपासून रोमपर्यंत अडीच हजार वर्षांना एक वीत जागा आणि शेवटच्या शंभर वर्षांना दोन वीत. मोठ्या माणसाचं लक्ष खाली लिहिलेल्या आकड्यांकडे जातं, पण या वयाची मुलं आकडा वाचतच नाहीत, ती अंतर बघतात, आणि चित्रं शेजारी शेजारी असली की त्यांच्यासाठी ती माणसं पण शेजारीच राहत असतात. एका मुलीने मला विचारलं की पिरॅमिड बांधणाऱ्यांना इजिप्तची राणी क्लिओपात्रा पगार द्यायची का. प्रश्न तिच्या बाजूने अगदी बरोबर होता, चूक चार्टची होती.

मग मी बिलाच्या मशीनमध्ये असतो तसला कागदाचा रोल आणला आणि एक सेंटिमीटर म्हणजे १० वर्षं असं धरून मुलांकडूनच आखून घेतला. ५००० वर्षांना पाच मीटर, म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून जवळपास दुसऱ्या भिंतीपर्यंत. मुलांचं स्वतःचं अख्खं आयुष्य एका सेंटिमीटरच्या आत मावलं, आज्यांचं सहा-सात सेंटिमीटर, १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला ते साधारण साडेपाच सेंटिमीटरवर. क्लिओपात्रा गेली इ.स.पू. ३० मध्ये, ती दोन मीटरच्या थोडं पलीकडे. आणि गिझाचा मोठा पिरॅमिड, इ.स.पू. २५६० च्या आसपासचा, तो साडेचार मीटरच्याही पुढे. दोरी लावून मोजलं तर क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा चंद्रावरच्या माणसाला जास्त जवळची निघाली, आणि मुलांना ते इतकं खोटं वाटलं की त्यांनी परत मोजलं, मग दुसऱ्या गटाने आपली दोरी आणून तिसऱ्यांदा मोजलं. तर चार्ट घ्यायचाच असेल तर आधी पट्टी लावून बघा, प्रत्येक शंभर वर्षांना सारखी जागा दिली आहे का. नसेल तर तो फक्त सजावटीला ठेवा.

दुसरं म्हणजे जाडजूड चित्रमय ज्ञानकोश, प्रत्येक लायब्ररीत असतो तसा. याच्याबद्दल माझं मत अर्धं अर्धं आहे. घर मधून कापून आतल्या खोल्या दाखवणारी चित्रं अप्रतिम असतात, मुलं त्यात तासभर रमतात, कोण कुठे झोपतंय, पाणी कुठून आणतात, कुत्रा कुठे बांधलाय वगैरे. पण त्यातलं खरोखर जमिनीत सापडलेलं किती आणि चित्रकाराने अंदाजाने काढलेलं किती हे पुस्तक कुठेच सांगत नाही, आणि मला हे फार खटकतं. आम्ही पिवळी चिठ्ठी म्हणजे "सापडलं" आणि गुलाबी म्हणजे "अंदाज" अशी पद्धत केली आणि पानापानावर चिठ्ठ्या लावत गेलो. पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं इटलीतलं जुनं रोमन शहर, त्याच्या पानावर ज्वालामुखी इ.स. ७९ च्या ऑगस्टमध्ये फुटला असं ठामपणे छापलंय, पण २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ मिळाली, तिच्यात १७ ऑक्टोबर ही तारीख आहे. वर्ष नाही लिहिलेलं, पण कोळशाचं लिखाण भिंतीवर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते स्फोटाच्या थोडंच आधीचं असणार असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हे सांगितल्यावर छापलेलं पुस्तक पण बदलू शकतं याचं मुलांना केवढं अप्रूप वाटलं! त्या पानावर आता चार गुलाबी चिठ्ठ्या आहेत आणि त्यावर त्यांचं आपापसात अजून एकमत नाही.

उत्खननाचं किट, म्हणजे प्लास्टरचा ठोकळा आणि आत लपवलेल्या वस्तू, त्याने माझी निराशा केली. हातोडी-छिन्नी देतात, मुलं दणादण फोडतात, आतून नाणं निघतं, दहा मिनिटांत सगळं संपलं आणि वर्गभर धूळ. यातून मूल शिकतं की पुरातत्त्व म्हणजे खजिना शोधणं, आणि ते तर बरोबर उलटं आहे, कारण वस्तू नक्की कुठे आणि किती खोल सापडली हे लिहून ठेवलं नाही तर तिच्यातली निम्मी माहिती गेली. त्यापेक्षा एका ट्रेमध्ये माती आणि वाळूचे थर द्या, वर दोरीचे चौकोन आखा, ब्रशने काढायला लावा आणि प्रत्येक वस्तू कागदावरच्या चौकोनात नोंदवायला सांगा. याला दोन तास लागतात आणि एकही मूल कंटाळत नाही. मातीच्या पाटीचा प्रयोग पण करा, ओल्या मातीत आइस्क्रीमच्या काडीच्या टोकाने खुणा दाबायच्या, आणि मग आजच्या इराकमधल्या उर शहरातली ती जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीची तक्रारीची मातीची पाटी दाखवायची, ज्यात नन्नी नावाचं गिऱ्हाईक एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला खराब तांबं दिल्याबद्दल झापतंय. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाने घरी जाऊन ती गोष्ट सांगितली.

व्हिडिओ आणि वर्कशीट यावर जास्त लिहीत नाही. व्हिडिओ पाच मिनिटांच्या आतला असेल तर ठीक. रंग भरायच्या वर्कशीटमधून फक्त रंग भरले जातात.

गोष्टीरूप चित्रपुस्तकं मात्र घ्याच, पण राजाच्या जन्मापासून सुरू होणारी नकोत. लहान मुलाला लहान मूल हवं असतं. इजिप्तच्या तुतनखामेनची सोन्याच्या मुखवट्याची गोष्ट सगळीकडे असते, पण तो राजा झाला तेव्हा साधारण आठ-नऊ वर्षांचाच होता, आणि १९२२ मध्ये सापडलेल्या त्याच्या कबरीत पाच हजारांच्या वर वस्तू होत्या, त्यात त्याची लहानपणची छोटी खुर्ची पण होती. आमच्याकडे आलेल्या दोन पुस्तकांपैकी एकात खुर्ची होती आणि एकात नव्हती, आणि मुलं खुर्चीवालंच परत परत मागतात. मुखवट्याकडे नुसतं बघता येतं, पण खुर्चीवर आपण मावू का हे विचारता येतं ना!

आणि सगळ्यात वरचा नंबर मी देईन म्युझियमच्या ऑनलाइन फोटोंना, ते पण फुकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियम्सनी २०२० मध्ये कॉपीराइट नसलेल्या वस्तूंचे लाखो फोटो कुणालाही वापरायला मोकळे केले, डाउनलोड करा, प्रिंट काढा, कापून पत्ते बनवा, कुणाची परवानगी लागत नाही. फक्त म्युझियमची वर्णनं मोठ्यांसाठी लिहिलेली असतात, ती वाचून दाखवू नका. नुसता फोटो द्या, झूम करू द्या, आणि हे काय असेल, कोणी वापरलं असेल, कुठे झिजलंय ते विचारा.

यंदाचं माझं सगळ्यात लाडकं असं साहित्य म्हणजे ओनफिमची चित्रं. हा रशियातल्या नोव्हगोरोदचा सहा-सात वर्षांचा मुलगा, तेराव्या शतकातला. भूर्जाच्या सालीवर अक्षरं गिरवता गिरवता त्याने मध्येच चित्रं काढून ठेवली, आणि ती साल चिखलात टिकली आणि १९५६ मध्ये उत्खननात बाहेर आली. एका सालीवर अक्षरं थोडी गिरवून सोडून दिली आहेत आणि घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा वीर काढलाय, शेजारी स्वतःचं नाव. दुसरीवर एक विचित्र प्राणी काढून "मी रानटी पशू आहे" असं लिहिलंय. आणि त्याच्या माणसांच्या हाताला कधी तीन बोटं, कधी जास्त. मी काही न सांगता फक्त प्रिंट वाटल्या, तर एक मुलगा, जो इतिहासाच्या तासाला कायम खिडकीबाहेर बघत असतो, तो म्हणाला की टीचर, याचा अभ्यास अर्धाच झालाय. त्यानंतर अर्धा तास वर्गात फक्त ओनफिम. त्याला ओरडा बसला असेल का, साल का टाकून दिली, तो मोठा झाला का, हे कोणाला कसं कळणार. शेवटच्या प्रश्नाला मी खरं तेच सांगितलं, की ते आपल्याला कळत नाही, आणि मुलांनी त्यांच्या कागदी टाइमलाइनवर आजपासून जवळपास पाऊण मीटर मोजून तिथे ओनफिमचा घोडा चिकटवला.

प्रिंट ए-फोर आकारात काढा, त्याहून लहान काढली तर बोटं मोजता येत नाहीत.