महासाथीवरील औषध: जुन्यांतून निवडावे की नव्याने घडवावे?

करोना विषाणूची महासाथ पुन्हा आल्यास औषध-संशोधनाचा निधी प्रथम कोठे लावावा, हे ज्यांना ठरवायचे आहे, त्यांच्यापुढे दोन मुख्य मार्ग आहेत: अन्य आजारांवरील जुनी औषधे तपासणे किंवा त्या विषाणूसाठीच नवे औषध घडवणे. कोविड-१९ च्या काळात दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या.

जुन्या औषधांची मोठी जमेची बाजू म्हणजे वेग. डेक्सामेथासोन हे दशकानुदशके वापरातले स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि १६ जूनला या औषधाविषयीचा निष्कर्ष जाहीरही झाला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याच उपचाराने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही, कारण हे औषध विषाणूला मारत नाही. ते प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरते, आणि हा अतिरेक साधारणपणे आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात होतो.

याच मार्गावर फसगतही पुष्कळ झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियावरील औषध प्रयोगशाळेत आशादायक वाटले, पण 'रिकव्हरी'मध्ये निरुपयोगी ठरले. भारतात प्लाझ्मासाठी (बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातील द्रवासाठी) नातेवाईक दात्यांचा शोध घेत वणवण फिरत असतानाच, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ४६४ रुग्णांवरील चाचणीने त्याचा लाभ नसल्याचे २०२० मध्येच दाखवले होते. तरीही उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडले. रेमडेसिव्हिर या विषाणूरोधी औषधाची कथा अधिक बोलकी आहे. रुग्णालयात उशिरा दिल्यास मृत्यू टाळण्यात त्याचा प्रभाव फारसा दिसला नाही, मात्र जोखमीच्या रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू करून तीन दिवस दिल्यावर रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ज्या कुपीसाठी औषध-दुकानांबाहेर रांगा लागल्या, ती बहुतेकदा अत्यवस्थ रुग्णासाठीच हवी होती, हे आठवले की आजही वाईट वाटते.

नव्या औषधाचे उत्तम उदाहरण म्हणजे निर्मॅट्रेल्व्हिर. विषाणूला वाढीसाठी लागणारे प्रोटिएज हे विकर ते रोखते. फायझरने जुलै २०२० मध्ये हा रेणू तयार केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली. लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना तीन दिवसांच्या आत दिल्यास रुग्णालयात जाण्याचा किंवा मृत्यूचा धोका ८९ टक्क्यांनी कमी झाला. मर्यादाही आहेत: त्याला रिटोनाव्हिर या दुसऱ्या औषधाची जोड लागते, आणि रिटोनाव्हिरचे रक्त पातळ करणाऱ्या व कोलेस्टेरॉलवरील काही औषधांशी जमत नाही.

मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे, हा तिसरा पर्याय. त्या नोव्हेंबर २०२०मध्येच अमेरिकेत उपलब्ध झाल्या. पण भारतात एका रुग्णाच्या मात्रेची किंमत ५९,७५० रुपये होती आणि ओमिक्रॉनपुढे बहुतेक निष्प्रभ ठरल्या. मर्यादित निधीत त्यांना अग्रक्रम देऊ नये.

माझ्या मते साथीच्या पहिल्या सहा महिन्यांत निधी जुन्या औषधांच्या मोठ्या, यादृच्छिक (कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठीसारखे ठरवणाऱ्या) चाचण्यांना द्यावा. शेकडो रुग्णालयांना एकाच साध्या नियमावलीत बांधणारी यंत्रणा मात्र आधीपासून हवी. नव्या रेणूंचे काम साथ नसतानाच चालू ठेवले पाहिजे. निर्मॅट्रेल्व्हिर सतरा महिन्यांत तयार झाले, कारण करोना कुळातील विषाणूमुळेच आलेल्या २००३ च्या सार्ससाठी प्रोटिएज रोखणाऱ्या रेणूवर आधीच काम झाले होते, आणि सार्स ओसरताच ते बाजूला पडले होते.